भुवनेश्वरीबाईंचं एकतिसावं पान

भुवनेश्वरीबाईंच्या घरी पाणी प्यायला मागितलं तरी ते तीन पायऱ्यांत मिळतं, असं कुंभकोणमच्या मराठी घरांतून सांगतात. आधी पेला कुठला घ्यायचा, मग तो कसा विसळायचा, मग रिकामा कुठे पालथा घालायचा. यात थोडा तिखटमिठाचा भाग आहे, पण फार नाही. त्यांचे यजमान सुरेंद्रराव पोस्टातून निवृत्त झाले त्या दिवशी बाईंनी त्यांना दूध तापवण्याची कृती वहीच्या पानावर लिहून दिली होती. ते पान अजून त्यांच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेलं आहे. सुरेंद्रराव म्हणतात, ते असल्यामुळे एकदाही दूध उतू गेलं नाही. बाई म्हणतात, तीनदा गेलं.

तर अशा बाईंना नोकरीही तशीच मिळाली. दारासुरमच्या रस्त्याला वाफेची यंत्रं करणारा एक छोटा कारखाना आहे. लग्नाच्या मंडपांत, अन्नछत्रांत, वसतिगृहांत एका वेळी पाचशे इडल्या आणि हंडाभर भात करायचा तर खाली गॅस, वर पाण्याची टाकी, टाकीवर वाफेचा दाब दाखवणारा काटा आणि तिच्यातून नळीनं जाणारी वाफ, असं हे यंत्र. मालक मराठीच, विठोबाच्या भजनातले. त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी बाईंना टायपिंगला घेतलं आणि महिन्याभरात त्यांच्या लक्षात आलं की ही बाई पत्रं टाइप करण्यापेक्षा यंत्र कसं चालवायचं ते जास्त चांगलं सांगते. यंत्राबरोबर जे माहितीचं पुस्तक जातं ते तेव्हापासून बाई लिहितात. तमिळमध्ये, कारण स्वयंपाकघर तमिळ बोलतं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा आपल्याकडचा जुनाच शिरस्ता.

जुने मालक दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांचा मुलगा साईराम चेन्नईहून शिकून येऊन खुर्चीवर बसला आहे. हुशार आहे, कामसू आहे, बापासारखा शिंक येण्याआधी कान चोळतो. कामगारांसमोर बाई त्याला ‘सर’ म्हणतात आणि दार लोटलं की ‘अरे साईराम’. तो त्यांना दोन्हीकडे अक्काच म्हणतो.

या साईरामनं एका सोमवारी बाईंना आत बोलावलं आणि सांगितलं की पुस्तक चाळीस पानांचं आहे ते बारा पानांचं करायचं. शुक्रवारी छापखान्यात जाणार. वसतिगृहांची मोठी मागणी आली होती, शंभर यंत्रं, आणि एवढं जाडं पुस्तक बघून त्यांचा माणूस हसला म्हणे.

बाईंनी विचारलं, कापायचं काय?

साईरामनं तयारी करूनच ठेवली होती. पुस्तकात कामं सात. इडलीचा खण उघडणं, भाताचं भांडं सोडवणं, पाणी भरणं, गाळणी धुणं, रबराची रिंग बदलणं, टाकीत साठलेला पाण्याचा खार काढणं आणि यंत्र आवरून ठेवणं. आणि सातही कामांच्या सुरुवातीला त्याच तीन ओळी. गॅस बंद करा. वाफेची मूठ फिरवून वाफ सोडा. काटा शून्यावर येईपर्यंत थांबा, तोवर झाकणाला हात लावू नका. त्याच्या मते हे एकदाच, तिसऱ्या पानावर लिहायचं आणि बाकी सहा ठिकाणी नुसतं ‘आधी पान तीन पाहा’ एवढं म्हणायचं. तारेची जोडणी, सुट्या भागांची नावं, हेही असंच दर ठिकाणी आलेलं, तेही उडवायचं.

आता हा वाद नवा नव्हता. बाईंचं उत्तर तयार होतं आणि ते त्यांच्या घरातच घडलेलं होतं, म्हणून त्या ते कुणालाही सांगत नसत. पण आपल्याला ठाऊक आहे. सुरेंद्ररावांच्या पणजोबांनी हातानं लिहिलेली पूजेची पोथी घरात आहे. एका वर्षी वाध्यार, म्हणजे भटजी, पाचव्या घरी अडकले आणि मुहूर्त टळायला लागला, तेव्हा सुरेंद्रराव सोवळं नेसून स्वतःच पोथी घेऊन बसले. पणजोबांनी आचमन, प्राणायाम, संकल्प पहिल्या पूजेत सविस्तर लिहिले होते आणि पुढच्या प्रत्येक पूजेत त्यांच्या जागी नुसतं ‘पूर्ववत्’ लिहिलं होतं, म्हणजे आधी केलं तसंच करा. सुरेंद्ररावांनी पोथी मधूनच उघडली होती. त्यांनी डोळे मिटून, हात जोडून, खणखणीत आवाजात ‘पूर्ववत्’ म्हटलं आणि एक अक्षता वाहिली. मागे बसलेल्या अकरा माणसांनीही तेच म्हटलं. पुढं तीनदा तसंच झालं. संकल्प कुणीच सोडला नाही, देवानं तो समजून घेतला असावा. गल्लीतली पोरं मात्र सुरेंद्ररावांना अजून ‘पूर्ववत्’ म्हणूनच हाक मारतात.

बाईंनी त्या दिवसापासून मनाशी पक्कं केलं होतं. लिहिणारा पहिल्या पानापासून येतो. वाचणारा मधूनच येतो, ओले हात घेऊन. त्याला मागं जायला सांगणं म्हणजे त्याला एकटं सोडणं.

साईरामला त्यांनी एवढंच सांगितलं की लोक पान उलटत नाहीत. तो हसला नाही. त्यानं खणातून पुस्तक काढलं, एकतिसावं पान उघडलं आणि बाईंच्या पुढे सरकवलं. खार काढण्याचं पान. दुसऱ्या ओळीखाली लाल रेघ होती.

गेल्या पोंगलपासून यंत्राची मूठ बदलली होती. जुनी उजवीकडे फिरवली की वाफ सुटायची. नवी डावीकडे फिरवली की सुटते, आणि उजवीकडे फिरवली तर अधिकच घट्ट बसते. बाईंनी पुस्तकात दुरुस्ती केली होती. सहा ठिकाणी. एकतिसाव्या पानावर ‘उजवीकडे’ तसंच राहिलं होतं.

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली.

“अक्का, सात जागी लिहिलंत म्हणून सहाच सुधारले,” साईराम म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. “एकदाच लिहिलं असतं तर एकदाच चुकलं असतं.”

“आणि एकदाच वाचलं असतं,” बाई म्हणाल्या. “तेही वाचलं तर.”

पण त्यांचं त्यांनाच ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. त्यांनी विचारलं, हे चुकीचं पान किती ठिकाणी गेलं आहे. नव्या मुठीची त्रेचाळीस यंत्रं विकली गेली होती. साईराम म्हणाला, सगळ्यांना फोनवर निरोप पाठवतो, आत्ता. बाई म्हणाल्या, निरोप मालकाच्या फोनवर जाईल, पुस्तक स्वयंपाकघरात टांगलेलं आहे. मालक कधी झाकण उघडतो?

त्यांनी त्याच दुपारपासून चार दिवसांची रजा मागितली. साईराम म्हणाला, रजा कशाला, कारखान्याचंच काम आहे. पण शुक्रवार तो शुक्रवार. तुम्ही परत आलात आणि माझं मत बदलण्यासारखं काही आणलंत तर बोलू, नाहीतर बारा पानं. बाईंनी पदर खोचला आणि दुरुस्त ओळीच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या छापून घेतल्या. शिवाय सात जास्त. माणूस चुकतो हे त्यांना त्याच दिवशी नव्यानं कळलं होतं.

मोपेड सुरेंद्ररावांनी चालवली. मागे बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत चिठ्ठ्या, डिंकाची बाटली आणि यादी. त्या दोघांचं भांडण घरून निघाल्यापासून चाललेलं असायचं आणि मंडपाच्या दारात बंद व्हायचं, हे वाटेवरच्या चहावाल्यानं सांगितलेलं आहे. सुरेंद्रराव म्हणाले की एका शब्दासाठी एवढी वणवण कोण करतं. बाई म्हणाल्या की पोस्टात तुम्ही एका आकड्यासाठी पत्र परत पाठवायचात. सुरेंद्ररावांनी मोपेडचा वेग वाढवला.

पुस्तकांच्या गती काय काय झाल्या होत्या, ते बाईंना त्या चार दिवसांत कळलं. एका मंडपात ते डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतं आणि टेबल आता अजिबात डगमगत नव्हतं. पट्टीश्वरमला अन्नछत्राच्या आचाऱ्यानं त्याला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून देवांच्या तसबिरींशेजारी ठेवलं होतं, वर कुंकू वाहिलेलं. उघडलंत का, असं विचारल्यावर त्यानं जीभ चावली. सुंदरपेरुमाळ कोयिलला बाई आगगाडीनं गेल्या, कारण मोपेडचं टायर बसलं होतं. तिथल्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानांवर कुणीतरी मार्गळी महिन्यातल्या रांगोळ्यांचे ठिपके मांडून ठेवले होते, फार सुरेख. बाईंनी सगळीकडे एकतिसावं पान शोधलं, चिठ्ठी डकवली, नखानं दाबली, आचाऱ्याकडून ती ओळ मोठ्यानं वाचून घेतली आणि यादीवर खूण केली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनाला टोचत गेली. बेचाळीस ठिकाणी हिंडून त्यांना ‘मी पुस्तक वाचलं’ म्हणणारा एकही माणूस भेटला नव्हता. आचारी यंत्र हातानं आणि कानानं शिकले होते. साईरामसमोर ठेवायला काय नेणार होत्या त्या? सात ठिकाणी तेच लिहिलं होतं आणि कुणी एका ठिकाणीही वाचलं नव्हतं. उलट बारा पानं तरी कशाला, तो उद्या म्हणाला असता, दोनच करू.

गुरुवारी दुपारी राहिलं होतं एकच नाव. तिरुनीलक्कुडीचा मंडप.

तिथला आचारी जेवून झोपला होता. भांडी घासण्याच्या मोरीपाशी एक पन्नाशीची बाई उभी होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हाताला राख. शिवकामी तिचं नाव. शिजवणं आचाऱ्याकडे, धुणं-घासणं सगळं हिच्याकडे, यंत्रसुद्धा हीच साफ करते. पुस्तक कुठे आहे असं विचारल्यावर तिनं फळीवरून काढून दिलं. बाईंनी उघडलं. तीस होतं, मग एकदम तेहतीस, मधला कागद नव्हता. फाडलेल्या कडेवर पिवळा डाग.

त्यांनी विचारलं, यातलं एक पान कुणी नेलं?

“मी,” शिवकामी म्हणाली. “बाकीचं त्याचं काम. माझं एवढंच होतं.”

आणि तिनं हातानं भिंत दाखवली. मोरीच्या वर, दोन खिळ्यांमध्ये, दुधाच्या पिशवीचं पारदर्शक प्लॅस्टिक शिवून केलेल्या खिशात एकतिसावं पान टांगलेलं होतं. बाई जवळ गेल्या. दुसऱ्या ओळीवर ‘उजवीकडे’ हा शब्द कोळशानं काट मारून खोडलेला होता. त्याच्यावर डावीकडे जाणारा जाडजूड बाण.

बाई मोरीच्या कठड्यावरच बसल्या. काय झालं ते शिवकामीनं हात धूत धूत सांगितलं, घाई न करता. मागच्या पंधरवड्यात एक लग्न होतं. सकाळच्या इडल्या झाल्या आणि वाफ धडपणे येईना, नळीत खार साठला होता. आचारी भाजी आणायला बाजारात गेलेला. दुपारचा भात लावायचा तर टाकी साफ व्हायला हवी. तिनं पान वाचलं. आठवीपर्यंत शिकलेली आहे ती. गॅस बंद केला. मूठ उजवीकडे फिरवली. फुस्स होईल असं वाटलं होतं, काहीच झालं नाही. तिला वाटलं वाफ नसेलच. झाकणाच्या पहिल्या खिटीला हात लावणार, तेवढ्यात पुढची ओळ दिसली. काटा शून्यावर येईपर्यंत थांबा. तिनं काटा पाहिला. तो मुळीच खाली आला नव्हता.

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग काय. लिहिलं होतं थांबा. थांबले.”

ती दीड तास थांबली. स्टूल घेऊन यंत्रासमोर बसली आणि काट्याकडे बघत राहिली. यंत्र आपोआप निवेपर्यंत. वरपक्षाचा मामा दोनदा येऊन ओरडून गेला. मंडपाचा व्यवस्थापक म्हणाला, बाई वेडी झाली आहे. ती उठली नाही आणि दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही. आचारी आला तेव्हा काटा शून्यावर आलेला. तो हसून म्हणाला, डावीकडे फिरवायची असते, एवढंही ठाऊक नाही?

“मी म्हटलं, मग तसं लिहायचं होतं,” शिवकामी म्हणाली. “जेवण दीड तास उशिरा झालं. माझ्या नावानं दोनशे माणसांनी बोटं मोडली. हात माझे शाबूत आहेत.” तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले, राख धुतलेले, पंजे रुंद. मग तिनं विचारलं, “तुम्ही त्या कारखान्याच्या ना? हे कोण लिहितं ते ठाऊक आहे का तुम्हाला? मला त्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.”

सुरेंद्रराव दारात उभे होते. त्यांनी नंतर कबूल केलं की त्या क्षणी बाई काहीतरी सारवासारव करतील, छपाईवर ढकलतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी स्वतः तेच केलं असतं.

“मी लिहिते,” भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. “उजवीकडे माझी चूक आहे.”

शिवकामीनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, “आणि थांबा?”

“तेही माझंच.”

“बरं,” शिवकामी म्हणाली. “मग एक राग आणि एक नमस्कार. फिटले.” आणि तिनं कॉफी ठेवली.

शुक्रवारी सकाळी साईराम यायच्या आधी बाई त्याच्या टेबलासमोर बसून होत्या. त्यांनी भिंतीवरच्या पानाचा फोटो काढून आणला होता, कारण पान द्यायला शिवकामी तयार झाली नव्हती. फोटो त्यांनी त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, चुकीसकट, आधी चूक आणि मग बाकीचं. साईरामनं बोटांनी फोटो मोठा केला, बाण पाहिला, तिसरी ओळ पाहिली. कान चोळला. शिंक आली नाही.

त्यानं एवढंच विचारलं की ती तिसरी ओळ तिनं वाचली कशी.

“समोर होती म्हणून,” बाई म्हणाल्या. “तिनं एकच पान फाडून घेतलं, साईराम. तुझं तिसरं पान आचाऱ्याच्या फळीवर राहिलं असतं.”

मग त्या पुढं बोलल्या ते त्यांनी मोपेडवर मागे बसून ठरवलं होतं, आणि त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यात माघार आणि हट्ट दोन्ही होतं. पहिलं म्हणजे तो म्हणाला ते खरं होतं, सात ठिकाणी वेगवेगळं टाइप करायचं ही पद्धत मोडायची. त्या तीन ओळी एकाच जागी लिहून ठेवायच्या आणि सातही पानांनी तिथूनच उचलायच्या. एक शब्द बदलला की सगळीकडे बदलला पाहिजे. संगणकात असं होतं का? साईराम म्हणाला, होतं, सहज होतं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की गेली दोन वर्षं हे तू माझ्यापासून का लपवलंस. पण छापताना, त्या म्हणाल्या, सातही ठिकाणी पूर्ण छापायचं. ज्यानं हात भाजतो ते दर पानावर. ज्यानं फक्त डोकं खाजवावं लागतं ते एकदाच. तारेची जोडणी, सुटे भाग, हमीचा कागद, अस्की, सगळंच, एका जागी टाक आणि तिथं ‘पान तीन पाहा’ हवं तितक्यांदा लिही. त्याला मी नाही म्हणणार नाही.

“आणि आणखी एक,” त्या म्हणाल्या. “दर काम नव्या पानावर सुरू व्हायला हवं आणि त्याच कागदावर संपायला हवं. फाडलं तर पूर्ण फाटलं पाहिजे.”

साईरामनं हिशेब न करता छापखान्याला फोन लावला आणि सोमवारपर्यंत मुदत मागितली. पुस्तक सव्वीस पानांचं झालं. वसतिगृहांचा तो माणूस पुन्हा हसला का, हे कुणी विचारायला गेलं नाही. यंत्रं शंभरही गेली.

नवं पुस्तक छापून आल्यावर बाई पुन्हा तिरुनीलक्कुडीला गेल्या, पहिली प्रत घेऊन. खार काढण्याचं पान आता एकविसावं होतं, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. शिवकामीनं ते दोन्ही बाजूंनी निरखून पाहिलं, चांगलं आहे म्हणाली, आणि परत दिलं. भिंतीवरचं उतरवायला ती तयार होईना. तिचं म्हणणं असं की ते पान तिनं पारखून घेतलं आहे, नव्याचा काय भरवसा. बाईंनी आर्जवं केली, समजावलं, शेवटी आवाजही चढवला. सुरेंद्ररावांना त्या दिवशी फार बरं वाटलं, म्हणतात. चाळीस वर्षांत बाईंना पुरून उरणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी बाईंनी पिशवीतून उरलेल्या आठ चिठ्ठ्यांतली एक काढली, स्टुलावर चढल्या, कोळशाच्या बाणाला न झाकता ती त्याच्या शेजारी डकवली आणि नखानं दाबली. शिवकामीकडून ओळ मोठ्यानं वाचून घेतली. तिनं वाचली.

घरी आल्यावर बाईंनी वही काढली. या तीन ओळी कुठे कुठे येतात त्याची यादी त्यांनी त्यात केली आहे, आणि संगणक काहीही म्हणो, मुठीचा एक खिळा जरी बदलला तरी त्या सगळ्या जागा स्वतः तपासतात. यादीत सात नोंदी होत्या, सात कामांच्या. त्यांनी खाली आठवा आकडा घातला आणि लिहिलं: तिरुनीलक्कुडी, मोरीवरची भिंत, स्वतः जाणे.